कोरडा पायथा

६ एप्रिल, रविवार

लेकीने ही वही आणून दिली. "बाबा, आता तुम्ही धरणाचे राखणदार. रोज काय काय केलंत ते लिहीत जा," म्हणाली. मी म्हटलं, रोज एकच ओळ लिहावी लागेल, धरण जागेवर आहे. पहिल्या पानावर तिने तिच्या मुलीच्या पावलाचा शाईचा ठसा उमटवलाय. पाऊल ते केवढं, माझ्या अंगठ्यापेक्षा जरासं मोठं.

तर नोकरीची गोष्ट. आयुष्यभर मी लोकांच्या गच्च्या, न्हाणीघरं आणि पाण्याच्या टाक्या गळायच्या थांबवल्या. मला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'गळतीवाले' म्हणतात. गुडघ्यांनी दगा दिला, शिडी चढवेना, तेव्हा पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं. धरणाचा आधीचा म्हातारा राखणदार नुकताच वारला. साहेब म्हणाले, "गळती ओळखणारा माणूस धरणावर असला तर बरंच की." मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

हे धरण पाणी साठवायचं नाही, पूर अडवायचं. मातीचा लांबच लांब बांध, माझ्याहून वयाने मोठा. एरवी मागे पाणी जवळजवळ नसतंच. एक ओढा येतो आणि धरणाच्या पोटातल्या मोरीतून निघून जातो. मोठा पाऊस झाला की पाणी मागे तुंबतं आणि मोरीतून बेताबेताने सुटतं, म्हणून खालची वस्ती बुडत नाही. वर गवत वाढलंय. निम्म्या लोकांना ती टेकडीच वाटते.

खालच्या वस्तीत आमचंही घर आहे. हिला माझ्या नोकरीचा आनंद बेताचाच. "धरण मग बघा, आधी आपली स्वयंपाकघराची भिंत बघा." हिवाळ्यात मी आमच्या न्हाणीघराची गळती बंद केली, नामी काम झालं. तेव्हापासून पलीकडची स्वयंपाकघराची भिंत ओली असते. ती वाफ आहे हे मी हिला सांगून थकलो. इतकी वर्षं झाली, झाकण ठेवून शिजवायची सवय काही लागली नाही.

१० एप्रिल

चौकी साफ केली. म्हाताऱ्याच्या खिडकीच्या फळीवर काचेच्या बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीत पाणी. हुंगून पाहिलं, पाणीच होतं, नितळ. एकट्या माणसाला काय काय नाद लागतात! ओतून दिल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. खिडकीतून आता उजेड चांगला येतो.

धरण चालत पाहिलं. वरून ठीक. खालच्या अंगाला, वस्तीकडच्या बाजूला, पायथ्याशी दगड रचलेत आणि त्यांतून चार-पाच जुन्या मातीच्या नळ्या बाहेर आल्यात. नळ्यांतून पाणी ठिबकतंय, दगडांतूनही पाझरतंय, समोर सगळा चिखल. मला बघूनच कसंतरी झालं. एवढी वर्षं कुणी हात लावला नसेल? गच्ची अशी गळत असती तर लोकांनी गवंड्याला गल्लीतून फिरू दिलं नसतं.

१७ एप्रिल

साहेब आले होते. बूट चिखलात रुतला, वैतागले. "पावसाळ्याआधी वरून पाहणीला येतील कुणीतरी. हे बरं दिसत नाही. बघा काही करता आलं तर." मी म्हटलं, साहेब, हे माझ्यावर सोडा. सिमेंट द्या, चाळलेली वाळू द्या, आणि मला कुणी घाई करू नका.

साहेबांनी फार विचारलं नाही. चांगला माणूस आहे, उगाच कामात लुडबुड करत नाही.

४ मे, रविवार

झालं! आज पायथ्याशी चपला घालून उभा राहिलो, चपलेला माती लागली नाही. दगडांच्या सांध्यांत गिलावा ठासून भरला, वरून दोन हात प्लास्टर, नळ्यांच्या तोंडात विटेचे तुकडे आणि सिमेंटचा गोळा. नळ्या सगळ्यात हट्टी. एक बुजवली की दुसरी जोर करायची. पण मीही हट्टीच. आयुष्यात एवढं पक्कं काम केलं नव्हतं. साहेबांनी फोटो काढला, मला मध्ये उभं करून.

संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात गेलो. तो माझा शाळेपासूनचा सोबती. त्याची बायको गेली, मुलं परगावी, तेव्हापासून दुकानातच राहतो, मशीनच्या मागे खाट. धरणाची गोष्ट रंगवून सांगितली. तो म्हणाला, "मग राखणदाराला साजेसा शर्ट नको का? ये, माप देऊन जा." माप घेण्याआधी एका गिऱ्हाइकाची तयार बाही उसवत बसला होता. मी म्हटलं, एवढीशी तर वाकडी आहे, कुणाला दिसणारे? "मला दिसली ना," म्हणाला. "उसवायला कसली लाज? ते गिऱ्हाइकानं उसवून आणलं तर लाज." असा हा किचकट माणूस, म्हणून वेळेवर कधी काही देत नाही.

लेक वस्तीत राहायला यायचं म्हणतेय. आमच्या पुढच्या गल्लीत अंगणाचं घर रिकामं आहे. जावई ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, तिला आईचा आधार हवाच. हिचं मात्र भलतंच, "धरणाच्या पायाशी आणखी एक घर कशाला?" मी लेकीला सांगितलं, "डोळे मिटून घे. पायथा ठणठणीत कोरडा आहे. वर तुझा बाप बसलाय." तिने घेतलं.

२२ मे

आता वस्तीत कुठेही गेलं की चहा फुकट. बेकरीवाली बाई म्हणते, "काका, तुमच्यामुळे झोप लागते." वर्षानुवर्षं लोकांच्या मनात त्या चिखलाची धास्ती होती म्हणे.

धरणाच्या उतारावर मध्येच एक पट्टा गवत छान हिरवंगार झालंय, बाकी सगळं पिवळं. तिथे बसायला बरं वाटतं, गार लागतं.

घरात हिने वेगळंच काढलंय. साफसफाई. हिची थोरली बहीण वर चढावर राहते, मोठं घर, एकटी. हिने तिच्याकडे आधी जाड पांघरुणं पोचवली, मग नातीचा पाळणा ("इथे कोंदट होतं"), आज भिंतीवरचे लग्नाचे फोटो दिसेनात. विचारलं तर म्हणे, भिंत ओली आहे, खराब होतील. मग बाकीच्या भिंती कोरड्या आहेत, तिथे लाव म्हटलं. तर ही कपाट आवरायला लागली. बायकांच्या डोक्यात काय चालतं ते त्यांनाच ठाऊक.

१९ जून

पाऊस लागून आहे. मागे पाणी बऱ्यापैकी तुंबलंय, मोरी जोरात वाहतेय. पायथा? कोरडा! छत्री घेऊन मुद्दाम बघून येतो. प्लास्टरला केसाएवढी चीर नाही.

पायथ्यापासून थोडं पुढे, कुरणात, मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक मातीची गोल कडी दिसली, मध्ये भोक, त्यातून पाणी खदखदतंय. खेकड्याचं बीळ असणार. पायाने दाबून दगड ठेवला. परत येताना पाहिलं तर शेजारी दुसरं. खेकडे यंदा फार झालेत.

६ जुलै, रविवार

मनच लागत नाही लिहायला. ही गेली.

म्हणजे बहिणीकडे गेली. कंबर धरलीय म्हणे, वाकवत नाही, आणि सेवेला लेकीलाही घेऊन गेली, बाळासकट. मी म्हटलं, कंबर धरलेली माणसं चढ चढून जातात होय? आणि जाताना दोन बॅगा स्वतः उचलल्यास त्या कुठल्या कमरेने? तर ही दारात थांबली. "अहो, तुम्हीही चला. धरण काही पळून जात नाही." मी म्हटलं, राखणदार धरण सोडून मेव्हणीच्या घरी पाय पसरून बसला तर लोक काय म्हणतील? लोक माझ्याकडे बघून झोपतात. ही म्हणाली, "तेच तर." आणि गेली. तेच तर म्हणजे काय, कोण जाणे.

माझं काही चुकलंय का? दोन दिवस तेच डोक्यात. लेक तरी सांगेल म्हणून विचारलं, तर तीही, "आईला बरं नाहीये ना बाबा." डोळे चोरून. दोघी मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. एवढ्या वर्षांच्या संसारात हिने असं कधी केलं नव्हतं. घरात चहा करून घेतो, तोही कडू होतो. स्वयंपाकघर बंद आहे, कुणी काही शिजवत नाही, झाकण ठेवायचा प्रश्नच नाही. भिंत तरी ओलीच आहे. बाहेरची हवाच तशी असेल.

१५ जुलै

पाऊस उघडायचं नाव घेत नाही. धरणामागे एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नाही. माथ्यावरच्या कुंपणाचे खांब मध्याला ओळीतून खाली गेल्यासारखे दिसतात. ज्याने बसवले त्याने दोरी लावली नसणार. साहेबांना फोन केला, सांगायचं म्हणून. म्हणाले, उद्या पाहणीच्या बाई येताहेत, त्यांना दाखवा, आणि पायथा झाडून ठेवा.

झाडून ठेवला.

१६ जुलै, बुधवार

कुठून सुरुवात करू? माझं अक्षर मलाच लागत नाही.

पाहणीच्या बाई सकाळी आल्या. रेनकोट, गमबूट, माझ्या लेकीएवढ्या. मी त्यांना अभिमानाने पायथा दाखवला. त्या बघतच राहिल्या. मला वाटलं, काम आवडलं. मग त्यांनी विचारलं, "इथल्या नळ्या कुठे गेल्या?"

मी म्हटलं, "बुजवल्या की. मी स्वतः."

बाई तिथेच दगडावर बसल्या. पावसात. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेत सांगतात तसं हळू बोलल्या, "काका, मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच. ते बाहेर जावं म्हणूनच या नळ्या ठेवलेल्या. पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही. तुम्ही त्याची वाट बंद केलीत. ते आत साठलंय आणि आता जिथे सापडेल तिथून निघतंय, मातीला घेऊन."

मग त्यांना ती हिरवी पट्टी दाखवली. त्यांनी बोट दाबलं, बोट आत गेलं. खेकड्यांची बिळं दाखवली. कुरणभर झाली होती. त्यांनी एकातलं पाणी ओंजळीत घेतलं, चहासारखं. "आधीचे काका बाटल्या भरून ठेवायचे, पाणी नितळ आहे की गढूळ होतंय ते बघायला. त्या कुठायत?"

मी सांगितलं. खिडकीतून उजेड येत नव्हता म्हणून.

खांबांचं त्यांनी विचारलं नाही. त्यांना लांबूनच दिसलं, खांब नव्हे, माथाच खचत चाललाय.

आता उपाय असा की नळ्या एकेक करून उघडायच्या, आणि उघडली की लगेच तिच्या तोंडावर वाळू, खडी, मोठे दगड असे थर घालायचे, म्हणजे पाणी येईल आणि माती अडेल. खडीचे ट्रक उद्या सकाळी. तोवर जी चौकीजवळ थोडीफार वाळू-खडी पडलीय, तिच्यावर एक नळी होईल. मी घण घेतला.

फुटेना. देवा, फुटेना! दुपारभर घण घातला. माझंच मिश्रण, माझाच हात, ठासून ठासून भरलेलं. हाताची सालपटं निघाली. बाईंनी घण घेतला, त्यांचा ड्रायव्हर आला, त्याने घेतला. कपच्या उडतात, आत दगडासारखं. एक नळी कशीबशी उघडली, तिच्यातून गढूळ पाणी सुटलं ते गुडघाभर. होती तेवढी खडी टाकली. बाई म्हणाल्या, "आता हे थांबवा. खाली जाऊन लोकांना सांगा, घरं सोडा." साहेब फोनवर, "वरून लेखी आल्याशिवाय घरं सोडा कसं म्हणायचं? घबराट होईल." बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! ऐकलं की. दारोदार गेलो. "काका, तुम्हीच म्हणालात ना ठणठणीत?" हसून दार लावतात. मी म्हणायचो, खबरदारी म्हणून, एखाद दिवस. नळ्या मी बुजवल्या, हे एकाही दारात तोंडातून निघालं नाही. बेकरीवालीने तेवढं म्हटलं, भट्टी विझवते आणि बघते.

शेवटी शिंपी. मशीनवर माझाच शर्ट होता. त्याने चष्म्यावरून बघितलं. "हाताला काय झालं रे?" मी म्हटलं, काही नाही, तू वर चल, मेव्हणीचं घर मोठं आहे. "काज राहिलेत. आणि या मशीनला कोण उचलणार, तुझे गुडघे?" मग मशीन थांबवून सरळ विचारलं, "मला खरं सांग. तू केलेलं काम पक्कं आहे ना?"

आणि मी म्हटलं, "पक्कं आहे."

खोटं नव्हतं. दुपारभर फोडत होतो, फुटलं नव्हतं.

"मग झालं तर," म्हणाला, आणि पायाने मशीन सुरू केलं. मी दारात उभा राहिलो. परत आत जाऊन सांगायला किती वेळ लागला असता? पण तो माझ्याकडे बघून हसला, शाळेपासून तो तसाच हसतो, आणि मी निघून आलो. खडी आली की पहाटेपासून सगळ्या नळ्या उघडू. सगळ्या उघडल्या की उद्या संध्याकाळी त्याला सांगेन. कदाचित सांगायची वेळच येणार नाही.

१७ जुलै

गेलं.

खडीचे पहिले दोन ट्रक आले होते. दुसरी नळी उघडून तिच्यावर थर घालत होतो. वर उतारावर, जिथे मी बसायचो तिथे, हिरवं गवत पोटात गेल्यासारखं खचलं आणि भोकातून पाणी आलं, माणसाच्या मांडीएवढं, मग घमेल्याएवढं, मग मला बाईंनी कॉलरला धरून ओढलं. चौकीवरचा भोंगा वाजला. बाईंनी साहेबांना न विचारता स्वतः वाजवला. माथा बसला तेव्हा आवाज फार झाला नाही. मला वाटलं होतं, फार होईल.

भोंगा ऐकून लोक पळाले. बरेच पळाले, बाई म्हणतात, कालची एक नळी आणि आजची खडी यांनी तासभर मिळाला असेल. मी चढावरून बघत होतो. आमची गल्ली, लेकीची गल्ली. ते अंगणाचं घर पत्त्यांच्या बंगल्यासारखं गेलं. त्यात कुणी नव्हतं. हे मी स्वतःला मोठ्याने सांगत होतो, त्यात कुणी नाही, त्यात कुणी नाही. शेजारच्या माणसाने मला धरून खाली बसवलं.

दुकानाच्या छपराचा पत्रा दिसत होता. मग दिसेनासा झाला.

२० जुलै, रविवार

मेव्हणीच्या घरी आहे. नात पाळण्यात झोपलीय, लग्नाचे फोटो या भिंतीवर आहेत.

काल हिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ही म्हणाली, "माहीत कुठलं, मला काय कळतंय धरणातलं. तुम्ही न्हाणीघराची गळती थांबवलीत आणि स्वयंपाकघराची भिंत ओली झाली. पाणी कुठे गेलं नव्हतं, तुमच्या नजरेआड झालं होतं. मग तुम्ही म्हणालात, धरण कोरडं केलं. मी पांघरुणं बांधायला घेतली." मी म्हटलं, मग मला का नाही बोललीस? "भिंतीचं हिवाळ्यापासून बोलतच होते की."



म्हणजे आख्ख्या वस्तीत माझ्यावर विश्वास न ठेवणारी एकटी माझी बायको, आणि तिच्यामुळे माझी लेक आणि नात जिवंत आहेत. ज्यांनी ठेवला त्यांची घरं गेली. शिंपी आज सापडला. खाटेवर नव्हता, मशीनपाशी होता. ओळखायला मला बोलावलं होतं. त्याच्या मुलांना मीच कळवलं. थोरला विचारत होता, "काका, बाबांना कुणी सांगितलं नाही का?" मी फोनवर रडलो. त्याला वाटलं, दुःखाने.

संध्याकाळी बेकरीवाली आली, अंगावरच्या कपड्यांनिशी, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. भोंगा झाला तेव्हा तिने शिंप्याला हाक मारली होती. तो म्हणाला, "तू हो पुढे. तो सांगून गेलाय, पक्कं आहे. हे त्याचं तेवढं ने वर, बटणं घरी लावून घे म्हणावं. मी इस्त्री गार झाली की आलो." तिने माझ्या हातात दिलं. तिला काही माहीत नाही. तिने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काका, तुम्ही दारोदार आलात म्हणून मी भट्टी विझवली हो." मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं.

कागद उघडला. शर्ट. काज सगळे केलेत. कॉलर दोनदा उसवून परत लावलीय, आतून जुन्या टाक्यांची भोकं दिसतात.

उद्या चौकशी आहे. साहेब सकाळी येऊन गेले, दाढी वाढलीय, डोळे आत गेलेत. म्हणाले, "पाऊसच तसा होता. धरण जुनं होतं. प्लास्टरचं आपण होऊन काढू नका, पायथा वाहूनच गेलाय, आता कोण बघणार? तुमच्याही भल्याचं सांगतोय." मी त्यांना दारापर्यंत सोडलं. ते गेल्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. अर्धा तास मला खरंच वाटलं की कुणाला कळणार नाही.

मग शर्ट परत उलटून पाहिला.

हिला सांगितलं, उद्या सगळं सांगणार. नळ्यांचं, बाटल्यांचं, आणि तो विचारत होता तेव्हा मी काय म्हणालो त्याचंही, त्याच्या थोरल्यासमोर. ही बटणं लावत होती. दोरा दाताने तोडला. "त्या दिवशी दारोदार नाही निघालं तोंडातून. उद्या निघेल? आत्ता मला सांगून बघा."

पहिल्यांदा नाही निघालं. बोलायला गेलो तर खोकलाच आला. लेक दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोघींना. बाळ उठलं नाही.

हिने डोळे पुसले. मग शर्ट झटकून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हात वर करा. बाही बघू."

खांद्यात अगदी मापात आहे.